भाल्याच्या बंगल्याचे फोटो

कुणालाही खरं वाटणार नाही, पण मला कॅनडाला एका बैलानं नेलं. शर्यतीत जू मोडून थेट माझ्या अंगावर आलेला बैल. पळायचं सोडून मी कॅमेऱ्याचं बटण दाबलं, आणि तो फोटो रोल बनवणाऱ्या एका कंपनीच्या स्पर्धेत पहिला आला. बक्षीस काय, तर कुठल्याही देशाचं जाण्यायेण्याचं विमानाचं तिकीट. बैलाचा मालक पुढं कितीतरी दिवस मला रस्त्यात अडवून विचारायचा, "आन् बैलाला काय?"

तर असा मी, एकनाथ थोरवडे, रूपश्री फोटो स्टुडिओ, कराड, कॅनडातली पानगळ बघून परत आलो आणि दिवाळीच्या तोंडावर फोटोंचं पाकीट घेऊन हिराक्काच्या दारात उभा राहिलो.

"बूट भाईर!" आतून आवाज आला. अजून माझा पाय उंबऱ्याला लागलाही नव्हता.

"काढतोय, आक्का. परदेशी नाडी आहे, सुटता सुटत नाही."

"मग परदेशातच सोडायचे. फरशी पुसल्या मी."

आक्का स्वयंपाकघरात करंज्या तळत होती. शेजारी पाटावर बसून शैलाबाई कातण्यानं करंज्यांच्या कडा कापत होत्या. शैलाबाई पलीकडच्या बोळातल्या बालवाडीच्या बाई. त्या रोज आक्काकडे यायच्या, आणि का यायच्या ते साऱ्या शनिवार पेठेला ठाऊक होतं. त्यांना आक्काची वरची खोली हवी होती. बालवाडीची जागा गळत होती, पोरं भिजत होती, आणि आक्काची वरची खोली वर्षानुवर्षं बंद होती.

बंद होती ती भाल्यासाठी. भालचंद्र डुबल, आक्काचा धाकटा भाऊ आणि माझा शाळेपासूनचा मित्र. आई गेली तेव्हा भाल्या चालायलाही लागला नव्हता. आक्का नवऱ्यामागं माहेरी परत आलेली, तिनंच त्याला वाढवलं. पुढं तो कॅनडातल्या कुठल्याशा कारखान्यात गेला, तिकडचाच झाला. दर रविवारी त्याचा फोन यायचा. बंगला घेतलाय, गाडी घेतलीय, सगळं झकास. पण वडिलांच्या दिवसांना येऊन गेला त्यानंतर त्याचं पाऊल कराडला लागलं नव्हतं. आणि आक्का दर अमावास्येला वरची खोली झाडून, त्याच्या कॉटवरची चादर बदलून खाली यायची.

मी निघालो त्याच्या आदल्या दिवशी तिनं मला समोर बसवून सांगितलं होतं. "एकनाथ, शैलाला जागा पायजे. भालू तिथं सुखानं रुजला असंल, तर खोली पोरांना देते. नसंल, तर खोली त्येची. तू बघून ये."

"येतो की. आल्यावर सगळं सांगतो."

"तू सांगू नको. तू थापाड्या. तुझ्या तोंडाचं मी काय धरणार न्हाई. फोटो आण. घराचा आण, गाडीचा आण. आन् देव कुठं बसवल्यात त्येचा आण." असं म्हणून तिनं पालीच्या खंडोबाचा टाक, म्हणजे त्यांच्या घरच्या देवाची चांदीची छोटी प्रतिमा, तांबड्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात ठेवला होता.

आता तिचे हात पिठानं आणि तेलानं माखलेले. म्हणून मी फोटो एकेक करून तिच्या चष्म्यासमोर धरायला लागलो.

पहिला फोटो घराचा. मागं दुमजली बंगला, पुढं मेपलचं झाड लालभडक, आणि त्याखाली गुडघ्यापर्यंत पानांच्या ढिगात उभा भाल्या, अंगात कोट.

"अगं बाई!" शैलाबाई म्हणाल्या. "झाडाला जशी आगच लागलीय."

"लागतेच," मी म्हणालो. "पान पडलं की चर्र आवाज येतो. एकेक पान आपल्या परातीएवढं. एक माझ्या डोक्यावर पडलं तर मला दुपारीच रात्र झाल्यासारखं वाटलं."

"गप," आक्का म्हणाली. "भालू वाळलाय."

"तिकडं बारीक राहायची फॅशन आहे."

"आन् ह्यो कोट म्या कुठंतरी बघितलाय."

शैलाबाईंनी मान पुढं केली. "आमच्या ह्यांच्या लग्नाआधीच्या फोटोत अस्साच आहे. खिशाखाली तसाच डाग."

तो कोट माझ्या स्टुडिओतला होता. एक कोट, एक टाय आणि बुटांचा एक जोड मी गिऱ्हाइकांसाठी कायम ठेवलेला असायचा. शेतातनं अनवाणी आलेला माणूससुद्धा माझ्या फुल साइज फोटोत साहेब होऊन बाहेर पडायचा. अर्ध्या कराडची लग्नं त्या कोटावर जमली. थंडी असेल म्हणून तो मी अंगात घालून गेलो होतो, आणि तिथं तो भाल्याला चढवला होता, कारण भाल्याकडे कोट नव्हता.

भाल्याकडे बंगलाही नव्हता.

विमानतळावर तो मला घ्यायला आला तो बसनं. मी म्हणालो, गाडी दुरुस्तीला असेल. दोन बसा बदलून आम्ही त्या बंगल्याशी आलो. मी फाटकातूनच "वा रं भाल्या!" म्हणून आरोळी ठोकली. भाल्यानं ओठावर बोट ठेवलं आणि मला बंगल्याच्या बाजूनं मागं नेलं. तिथं खाली जायच्या पायऱ्या होत्या.

"मी हितं ऱ्हातो," तो म्हणाला.

तळघर. एका बाजूला पाणी तापवायची टाकी, दुसऱ्या बाजूला कपडे धुवायचं यंत्र, मध्ये भाल्याची कॉट. कारखाना केव्हाच बंद पडला होता. बायको तिच्या माणसांकडे दुसऱ्या गावाला निघून गेली होती, पोरबाळ नव्हतं. वरती एक म्हातारी मालकीण राहायची. तिच्या आणि आजूबाजूच्या घरांची पानं गोळा करायची, हिवाळ्यात बर्फ ओढायचा, हे भाल्याचं काम.

"आणि बंगला?" मी विचारलं.

"फोनवर हाय."

मी डोक्याला हात लावून कॉटवर बसलो. "अरे, पण सांगायचंस कशाला?"

"एकदा सांगून बसलो. मग ती दर रविवारी विचारायची, घरात नवीन काय? गेल्या साली स्वयंपाकघराची फरशी बदलली म्हणून सांगितलं."

"कशाला बदललीस?"

"जुनीला कट्टाळली होती ती."

लोक परदेशात पानगळ बघायला जातात. मी गोळा करायला गेलो. भाल्याच्या हातात पानं ओढायचा एक पंजा, माझ्या हातात एक. एक अंगण साफ करून वळावं, तर मागं झाड पुन्हा अंग झाडायचं. कुणाला खरं वाटणार नाही, पण झाडं आमची वाट बघून पानं सोडायची. एक खार रोज येऊन कंबरेवर हात ठेवून आमच्याकडे बघायची. तिला मी आक्कानं दिलेलं भडंग टाकलं, तर दुसऱ्या दिवशी ती सासर-माहेरची सगळी घेऊन आली. भडंग संपलं, आणि भाल्या माझ्याशी अर्धा दिवस बोलला नाही. खारीशी भांडला, माझ्याशी भांडला. आक्काच्या हातचं होतं म्हणे.

आणि पानं ओढता ओढता मध्येच थांबून विचारायचा, "एक्या, वरच्या खोलीची खिडकी अजून अडकती का रं?"

"मला काय माहीत! खोली बंद असते."

"खालनं जरा उचलून वढली की निघती."

"भाल्या, मग चल की. तू स्वतःच ये आणि वढ ती खिडकी."

"कुठल्या तोंडानं येऊ?"

"आहे त्याच तोंडानं! आक्का काय तुझा बंगला चाटणार आहे?"

"तिला कळता कामा नये. तिनं माझ्यासाठी काय काय केलं, आन् मी तळघरात? शपथ घे एक्या. तोंडातनं एक अक्षर काढणार न्हाईस."

मी नको नको म्हणालो. रोज म्हणालो. हा माणूस जेवताना शपथ, झोपताना शपथ, पानांचं पोतं उचलताना शपथ. शेवटी वैतागून मी म्हणालो, "घेतली शपथ! तोंडातनं एक अक्षर काढणार नाही. आता पोतं उचल."

तर अशी ही भावंडं. एक इकडून म्हणते, खरं काय ते बघून ये. दुसरा तिकडून म्हणतो, बघितलंस ते सांगू नको. आणि मधे मी, एका बैलामुळं अडकलेला.

"पुढचा दाखव की," आक्का म्हणाली. "कुठं तंद्री लागली?"

दुसरा फोटो गाडीचा. लांबलचक निळी गाडी, तिच्या पलीकडे उभा भाल्या, टपावर हात ठेवून. दिसत होता तो पोटापासून वर.

"गाडीवर लई धूळ न्हाई," आक्का म्हणाली.

"भाल्या रोज पुसतो," मी म्हणालो, आणि हे खरंच होतं. शेजाऱ्याची गाडी तोच पुसायचा. फोटो काढताना शेजारी खिडकीतून बघत होता. त्याला वाटलं आम्ही गाडी विकत घेतोय. तो बाहेर येऊन किंमत सांगायला लागला. भाल्या लाजेनं असा लाल झाला की त्या मेपलनं मान खाली घातली असती.

तिसरा फोटो स्वयंपाकघरातला. भाल्या टेबलामागं बसलेला, पुढ्यात चहा, बाजूला म्हातारीचा कुत्रा.

"कुत्रं?" आक्कानं झारा कढईवर आपटला. "भालू कुत्र्याला भितो. कोपऱ्यावरच्या कुत्र्यापायी शाळंला लांबनं वळसा घालून जायचा."

"तिकडची कुत्री इंग्रजीत भुंकतात, आक्का. भ्यायला होत नाही."

शैलाबाई खुदकन हसल्या. आक्का हसली नाही. फोटोतल्या भाल्याकडे बघून म्हणाली, "चेहरा बघ की त्येचा. कुत्रं सोडलं तर कपाटावर चढंल."

चढलाच होता. पण ते मी सांगितलं नाही. म्हातारी रोज तिन्हीसांजेच्या आधी कुत्र्याला फिरवायला न्यायची. त्या दिवशी नेमकं त्याला घरीच ठेवून ती शेजारी डोकावून येते म्हणाली. भाल्याकडे तिच्या घराची किल्ली असायची, कुंड्यांना पाणी घालायला. तेवढ्या वेळात हा फोटो काढला. कुत्रा हलला की भाल्या ओरडायचा, भाल्या ओरडला की कुत्रा हलायचा. माझं निम्मं रीळ त्यात गेलं.

"बाई, केवढं स्वयंपाकघर!" शैलाबाई म्हणाल्या. त्यांचा कातण्याचा हात थांबला होता. "हिराक्का, भाऊंचं चांगलं बस्तान बसलंय हो. मग... मी दिवाळीनंतर पोरांना वरती आणू का? फळा तेवढा लावून घेते."

आक्कानं झाऱ्यावरच्या करंज्या निथळल्या. एकेक करंजी ताटात ठेवली. "आणा," ती हळूच म्हणाली. "एवढं सगळं हाय त्येचं तिकडं. त्यो कशाला येतोय हितं?" मग पदरानं कपाळ पुसून म्हणाली, "कॉट तेवढी खाली आणावी लागंल. एकनाथ, तू हात लाव."

शपथ घेतलेली होती. कढईत तेल चुरचुरत होतं. मी पाकिटातला शेवटचा फोटो काढला.

"देवाचा राहिलाय, आक्का."

हा फोटो काढला तेव्हा म्हातारी कुत्र्याला घेऊन लांबच्या फेरीला गेली होती. भाल्यानं तळघरातून खंडोबाचा टाक आणला. खाली तो टाक त्यानं पाण्याच्या टाकीवरच्या फळीवर ठेवला होता. मी तिथं होतो तोवर रोज बघत होतो. सकाळी उठायचा, कपडे धुवायच्या यंत्राजवळच्या नळाखाली पाय धुवायचा आणि गारठलेल्या सिमेंटवर अनवाणी उभा राहून देवाला हळद वाहायचा. मी पायमोजे घालून पांघरुणात कुडकुडायचो. त्याला म्हणालो, अरे निदान मोजे घाल. म्हणाला, "आक्का बघंल." सात समुद्रांपलीकडून!

वर दिवाणखान्यात भिंतीतली शेकोटी होती. तिच्यावरच्या फळीवर आम्ही फुलदाण्या बाजूला सारून टाक मांडला, पुढं निरांजन लावलं, म्हातारीच्याच कुंडीतली चार फुलं वाहिली. छान दिसत होतं. भाल्या दिवाणखान्याच्या दाराशी थांबला आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"राहू दे बूट," मी म्हणालो.

"देव मांडल्यात, एक्या."

"फुल साइज फोटोला बूट लागतात. तू मला फोटोग्राफी शिकवू नको. म्हातारी यायच्या आत उभा राहा."

तो घुटमळला. मी ओरडलो. शेवटी हात जोडून उभा राहिला, पण आखडून, चटका बसत असल्यासारखा. बुटांवर पानांचा चिखल होता. फोटोत चिखल फार दिसतो, म्हणून मी माझ्या रुमालानं तो पुसला. मग मागं सरकलो, अजून मागं सरकलो, पार भिंतीला टेकलो, तेव्हा कुठं तो डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत बसला. बटण दाबलं आणि फाटक वाजलं. देव, निरांजन, फुलं घेऊन आम्ही दोन म्हातारे जे तळघरात पळालो, ते बैलाच्या शर्यतीतसुद्धा पहिले आलो असतो.

आता तो फोटो आक्कासमोर होता.

"किती प्रसन्न मांडलेत देव!" शैलाबाई म्हणाल्या.

आक्कानं गॅस बारीक केला. हात धुतले. पदराला पुसले. इतका वेळ तिनं एकाही फोटोला हात लावला नव्हता, तो पहिल्यांदा लावला. फोटो घेऊन दाराच्या उजेडात गेली. परत आली आणि फोटो पाटावर ठेवला.

"ह्ये घर भालूचं न्हाई," ती म्हणाली.

"आक्का, अगं..."

"पायाकडं बघ."

शैलाबाईंनी वाकून बघितलं. त्यांचा हात तोंडाकडे गेला.

"तिकडं थंडी फार असते," मी म्हणालो. "फरशी बर्फासारखी. सगळेच लोक घरात..."

"सगळे लोक करतील. माझा भालू न्हाई करनार. देवापुढं दिवा लावून बूट घालून? आपल्या घरात माणूस असा उभा ऱ्हात न्हाई, एकनाथ. दुसऱ्याच्या घरात घाईनं उभा केला, तर ऱ्हातो." तिचा आवाज मध्येच ओला झाला, तसा तिनं तो खाकरून साफ केला. "गाडी बी त्येची नसंल. कुत्रं तर न्हाईच न्हाई."

कढईतली एक करंजी करपायला लागली. शैलाबाईंनी ती गपचूप काढली.

"शैला," आक्का म्हणाली, "वरची खोली रिकामी न्हाई."

"हो, आक्का." शैलाबाई कातणं हातात घेऊन उगाच पुसत बसल्या.

"तोंड पाडू नको. पोरं खाली, भाईरच्या सोप्यात बसव. सकाळचा सोपा मोकळाच असतो. फळा तिथल्या भिंतीला लाव. पर चपला भाईर. एकाची बी आत आली तर शाळा बंद."

शैलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या हसायलाही लागल्या. आक्का माझ्याकडे वळली.

"आन् एकनाथ, जाताना सुताराला सांगावा धाड. वरची खिडकी अडकती. आन् सांजच्याला मला फोन लावून दे. बंगल्याचं मी काय बोलनार न्हाई त्येला. फराळ निवतोय, ये, एवढंच सांगते."

मी मान डोलावली. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं, पण तोंड गंभीर ठेवणं भाग होतं. मी खंतावल्यासारखा उसासा टाकला.

"काय सांगू आक्का, माझ्या ध्यानातच आलं नाही. स्टुडिओतली सवय. माझ्या फोटोत बूट लागतात म्हणजे लागतात. हात आपोआप चालतो."

आक्कानं चारी फोटो उचलले आणि पाटावर ओळीनं मांडले. बोट पहिल्यावर ठेवलं.

"झाडाच्या फोटोत पाय पाल्यात." बोट सरकलं. "गाडीच्या फोटोत पाय गाडीमागं." बोट सरकलं. "चहाच्या फोटोत पाय टेबलाखाली." बोट शेवटच्या फोटोवर थांबलं. "आन् देवाच्याच फोटोत बरं बूट पुसून, लख्ख करून, मधोमध आल्यात?"

"सवय, आक्का."

"खोटं बोलतोस, मेल्या," आक्का म्हणाली, आणि ताटातली पहिली करंजी माझ्या हातावर ठेवली.